पाळकसाहेबांना फोन कोणी करायचा?

पत्र :
सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचं सगळं मीच बघते. २०२० साली चर्च बंद झालं तेव्हा एका मैत्रिणीने मला ऑनलाइन प्रार्थना गटात घेतलं आणि मी तिथलीच झाले. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही तीसएक जण जमतो. रविवारची उपासनाही त्यांचीच मोबाईलवर लावते. सासूबाई पडल्या पडल्या गाण्यात सूर मिसळतात. त्यांना न्यूमोनिया झाला त्या रात्री गटातले चार जण पहाटेपर्यंत कॉलवर माझ्यासोबत प्रार्थना करत होते. आमच्या चर्चमधलं कोणी फिरकलंही नाही.

खरं तर मी चर्चला जाणं आधीच कमी केलं होतं. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि महिला मंडळात ते ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. मला कोणी विचारलं नव्हतं. आता रविवारी नणंद येऊन आईजवळ बसते, तरी माझं पाऊल उचलत नाही.

गेल्या महिन्यात पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, ‘मोबाईलवरची उपासना ही उपासनाच नव्हे, ती आळशी माणसांची सोय आहे.’ मिस्टर तिथे होते. घरी येऊन त्यांनी मला ते ऐकवलं. मी आळशी आहे का? गटात प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) होतं तेव्हा मीही घरी भाकर आणि पेला घेऊन बसते, ते चुकतं का? गटाचे प्रमुख म्हणतात, दशांश (उत्पन्नाचा दहावा वाटा) आता इथेच द्या. आणि सासूबाई अधूनमधून विचारतात, ‘पाळकसाहेब कधी येणार गं?’ त्यांना काय सांगू?
– एक वाचक

उत्तर :
ताई,

‘आळशी’ हा शब्द आधी डोक्यातून काढून टाका. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे जिला घड्याळ न बघता कळतं तिला आळशी म्हणणारा माणूस त्या खोलीत कधी उभा राहिलेला नसतो. पाळकसाहेबांच्या डोळ्यांसमोर बहुधा दुसरंच कोणी असणार. चर्चपासून हाकेच्या अंतरावर राहून पांघरुणातून उपासना ‘बघणारे’, आणि उपदेश लांबला की दुसरा व्हिडिओ लावणारे. असे लोक आहेत, भरपूर आहेत. पण ज्यांच्यासाठी ते वाक्य होतं ते त्या रविवारी घरीच होते. लागलं तुम्हाला, तेही नवऱ्याच्या तोंडून.

प्रार्थना पोचते का, हा प्रश्न मी लांबवत नाही. प्रेषित पौलाने कैदेत बसून दूरच्या मंडळ्यांसाठी, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चसाठी, प्रार्थना केल्या, त्यांना पत्रं लिहिली. त्या प्रार्थना वाटेत अडल्या असं कुठलंही चर्च शिकवत नाही. तुमचीही पोचते.

पाळकसाहेबांचा राग मोबाईलवर असला तरी हा वाद मोबाईलहून जुना आहे. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये केडीकेए या रेडिओ केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली संध्याकाळची उपासना प्रसारित केली. रेडिओ केंद्रावरून गेलेली ती पहिली उपासना मानली जाते. यंत्रं सांभाळायला दोन तंत्रज्ञ होते, एक ज्यू आणि एक कॅथलिक. लोकांचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून दोघांना गायकांचे झगे चढवले होते. मुख्य पाळकांचा या खटाटोपावर फारसा भरवसा नव्हता, म्हणून उपदेश त्यांनी साहाय्यकावर सोपवला. (आज कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या पोरांना हे सांगावं. त्यांच्याकडे संशयाने बघण्याला शंभर वर्षांची परंपरा आहे.) पुढे १९४८ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाममधली मध्यरात्रीची मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) दूरचित्रवाणीवर गेली. १९५८ साली तर पोप बारावे पायस यांनी संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत ठरवलं. का, तर आजारपणामुळे तिला मिस्साला जाता आलं नाही तेव्हा खोलीच्या भिंतीवर ती मिस्सा दिसली, अशी तिची आख्यायिका आहे. तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा.

आणि २००४ साली ब्रिटनमधल्या मेथडिस्ट चर्चच्या पाठबळावर ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाचं संगणकावरचं चर्च निघालं. लोक आपापल्या घरून आत शिरायचे, पडद्यावर प्रत्येकाची एक आकृती असायची, ती गुडघे टेकू शकायची, हात वर करू शकायची. काही दिवसांत तिथे शिव्या घालणारेही शिरले, आणि त्यांना बाहेर काढायला वॉर्डन नेमावे लागले. म्हणजे भिंती नसलेल्या चर्चलाही दार सांभाळणारा माणूस लागलाच.

तेव्हा ‘ही उपासनाच नव्हे’ हे मला मान्य नाही. पण ‘हीच पुरे आहे’ हेही मान्य नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे.

न जाण्याची तुमची दोन कारणं आहेत आणि ती तुम्ही एकत्र बांधली आहेत. पहिलं सासूबाईंचं आजारपण. त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. दुसरं, महिला मंडळातली ती सभा. ‘रविवारी नणंद येऊन आईजवळ बसते’ हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि खोडलं नाहीत, यावरून मला वाटतं की फरक तुम्हालाही ठाऊक आहे. रविवारी सकाळचे ते दोन तास तुम्हाला आजारपण अडवत नाही.

यात तुमचा दोष काढायचा नाही मला. उलट, पहिल्या कारणापेक्षा दुसरं जास्त दुखतं. ‘प्रार्थनेची विनंती’ या नावाखाली काय काय चालतं ते चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही नवं नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. एक जण आवाज खाली आणते, डोळे मिटते आणि ‘नाव घेत नाही, पण आपल्यातल्याच एका बहिणीच्या घरी…’ असं सुरू करते. तिसऱ्या वाक्यापर्यंत नाव सोडून सगळं सांगून झालेलं असतं, आणि आमेन म्हणून बाहेर पडेपर्यंत नावही. देवाला सांगायच्या निमित्ताने माणसांना सांगून होतं. बरं, सांगणारीला आपण चहाडी केली असं वाटतही नाही. तिच्या हिशेबी तिने तुमचं ओझं वाहिलं. म्हणून तर अशा जखमेवर भांडताही येत नाही. भांडायला गेलं की ‘प्रार्थनाच तर केली’ हे उत्तर तयार असतं.

नियम खरं तर सोपा आहे. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय चारचौघांत त्याच्यासाठी प्रार्थना मागायची नाही. एकांतात हवी तेवढी करावी. तुमच्या मंडळीत हे पाळलं गेलं नाही, आणि ती चूक त्यांची आहे. पण ती चूक आहे हे आजवर त्यांना कोणी सांगितलं का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. पाळकसाहेबांना कदाचित एवढंच दिसतंय की एक बाई येईनाशी झाली आणि मोबाईलवर दुसरीकडे जाते म्हणे.

अशा वेळी तुम्ही ऑनलाइन गटात रमलात यात नवल नाही. तिथे महिला मंडळात तुमच्या घरचं सांगणारी ती बाई नाही. तिथे कोणी तुमच्या मुलीला लहानपणापासून ओळखत नाही. जेवढं सांगाल तेवढंच लोकांना कळतं, नको वाटलं तर कॅमेरा बंद करता येतो, आणि फारच नको वाटलं तर एका बोटाने बाहेर पडता येतं. दमलेल्या आणि दुखावलेल्या माणसाला हे फार मोलाचं असतं. जे घराबाहेर पडूच शकत नाहीत, ज्यांना ऐकू कमी येतं आणि पडद्यावरचे शब्द वाचावे लागतात, जे नव्या गावी एकटे आहेत, ज्यांना चर्चच्या दारात पाऊल टाकायची भीती वाटते, अशा कितीतरी लोकांना याच वाटेने प्रार्थनेत जागा मिळाली आहे. ही वाट बंद व्हावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण जे सोयीचं आहे तेच तिथलं उणंही आहे. गटातली माणसं तुम्ही निवडली आहेत. चर्चमधली माणसं आपण निवडत नाही, ती पदरात पडतात. शेजारी कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नसतं. बडबडे काका असतात, हिशेबावरून दर वर्षी भांडणारे वडीलजन (मंडळीचे कारभारी) असतात, रडणारी पोरं असतात, आणि हो, ती बाईही असते. प्रत्यक्ष मंडळी म्हणजे प्रेमाचा झराच, असं सांगणाऱ्यांनी बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा वाचावं. तिथल्या प्रभुभोजनाला पोटभरलेले आधी येऊन खाऊन-पिऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल इतका चिडला की तुम्ही जमता त्याने भलं होण्याऐवजी वाईटच होतं, इथपर्यंत त्याने त्यांना सुनावलं. तरी त्याने ‘मग आपापल्या घरीच घ्या’ असा तोडगा काढला नाही. एकमेकांसाठी थांबा, असं सांगितलं. नको असलेल्या माणसासाठी थांबणं मोबाईलवर शिकता येत नाही, कारण तिथे थांबायची वेळच येत नाही.

दुसरी गोष्ट गाण्याची. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ सासूबाईंच्या सुराची. व्हिडिओ कॉलवर समूहगान का जमत नाही हे तुम्ही अनुभवलं असेलच. एकमेकांचं ऐकून ताल धरायचा तर आवाज पोचायला २५-३० मिलिसेकंदांहून जास्त उशीर चालत नाही, आणि इंटरनेटवर तो सहसा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून एक जण गातो आणि बाकीच्यांचे माइक बंद ठेवावे लागतात. प्रत्येक जण आपल्या खोलीत गातो, ऐकू येतो तो एकाचाच आवाज. म्हणजे त्या गटातल्या तीस जणांपैकी कुणालाही सासूबाई गातात हे माहीतच नाही. तुम्ही सोडून त्यांचा आवाज कोणाच्या कानावर पडलेला नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावरची बेसूर आजीही सगळ्यांच्या गाण्यात असते, कधी कधी नको तितकी.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हेच आकड्यांत दिसलं. साधारण पाव प्रौढ लोक नियमितपणे पडद्यावर उपासना पाहतात, आणि पाहणारे बहुतेक जण समाधानीही आहेत. पण सोबतच्या उपासकांशी घट्ट नातं वाटतं का, असं विचारल्यावर प्रत्यक्ष जाणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक हो म्हणाले. पडद्यावरून सहभागी होणाऱ्यांत हे प्रमाण तिनातल्या एकाहूनही कमी होतं. समाधान आणि नातं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला यातून दिसतं. तुमच्या गटात मात्र नातंही आहे, पहाटेपर्यंत जागणारं. त्यामुळे तुम्ही त्या आकड्यांतल्या ‘फक्त बघणाऱ्यां’पैकी नाही, हेही तितकंच खरं.

बायबलमधल्या योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट मला या बाबतीत फार शहाणपणाचा वाटतो. सांगायचं पुष्कळ आहे, पण ते कागदावर शाईने नको. मी येईन, समोरासमोर बोलू, म्हणजे आपला आनंद पुरा होईल, असं तो म्हणतो. त्याच्या काळातलं दूरसंपर्काचं साधन त्याने वापरलं, त्याच साधनाने तो हे सांगतोय, आणि तेवढ्यावर समाधान मानायला तयार नाही. पोप फ्रान्सिस यांचंही असंच. २७ मार्च २०२० रोजी पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभं राहून त्यांनी पडद्यापलीकडच्या जगासाठी प्रार्थना केली. तीनच आठवड्यांनी, १७ एप्रिलला, पडद्यावरूनच जाणाऱ्या मिस्सात त्यांनी बजावलं की ही अडचणीच्या काळातली चर्च आहे; चर्चचा आदर्श लोकांसोबत आणि साक्रामेंतांसोबत, म्हणजे प्रभुभोजनासारख्या पवित्र विधींसोबत, असण्याचाच आहे.

आता त्या न्यूमोनियाच्या रात्रीकडे येऊ. चार माणसं आपापल्या घरी झोप मोडून तुमच्यासाठी जागली. याची किंमत कमी करायचा हक्क पाळकसाहेबांनाही नाही, मलाही नाही. पण सासूबाईंना उठवताना चादरीचं दुसरं टोक कोणी धरलं? औषध आणायला कोण धावलं? दुसऱ्या दिवशी दोन तास त्यांच्याजवळ बसून ‘तू जरा झोप’ असं तुम्हाला कोण म्हणालं? गटाला ते शक्यच नव्हतं, कितीही मनात असलं तरी. चर्चला शक्य होतं, आणि चर्च आलं नाही. तुमचा राग रास्त आहे. फक्त एक विचारते, त्यांना कळवलं कोणी होतं? गटाला तुम्ही कळवलंत. चर्चला कळवायचं काम आपोआप मिस्टरांचं होतं, आणि मला शंका आहे की त्यांनी ते केलं नाही. ते चर्चमधला उपदेश घरी घेऊन आले, पण घरातली रात्र चर्चमध्ये घेऊन गेले नाहीत.

प्रभुभोजनाचं विचारलंत. यात चर्चची एकवाक्यता नाही. कॅथलिक भूमिका स्पष्ट आहे. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २००२ सालीच लिहून ठेवलं की इंटरनेटवर साक्रामेंत होत नाहीत. पडद्यावर मिस्सा पाहणाऱ्याने मनोमन ख्रिस्ताला स्वीकारावं, पण ते प्रत्यक्ष स्वीकारण्याच्या जागी मोजलं जात नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत २०२० मध्ये दोन तट पडले. कुणी घरोघरी भाकर आणि पेला ठेवायला परवानगी दिली, कुणी ‘एकत्र येईपर्यंत उपास’ असं ठरवलं. तुमचं चर्च कुठल्या शिस्तीतलं आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि ते पाळकांनाच विचारायला हवं. आजवर भक्तिभावाने घेतलंत त्याचं अपराधी ओझं मात्र घेऊ नका.

पण प्रभुभोजनाचा याहून मोठा प्रश्न सासूबाईंनी विचारला आहे. पाळकसाहेब कधी येणार? हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याला तितकंच जुनं उत्तर आहे. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती विद्वानाने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिताना आपले लोक रविवारी काय करतात ते सविस्तर सांगितलं. शहरातले, खेड्यातले सगळे एका जागी जमतात, वाचन होतं, उपदेश होतो, सगळे उठून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. त्याच परिच्छेदात तो सांगतो की जमलेली वर्गणी अनाथ, विधवा आणि आजारी यांच्यासाठी खर्च होते. म्हणजे न येऊ शकणाऱ्याचं काय, हे तेव्हाही ठरलेलं होतं. त्याला दोष द्यायचा नाही, त्याच्या घरी जायचं. अँग्लिकन मंडळींच्या १६६२ च्या प्रार्थना पुस्तकात तर घरी आजाऱ्याला प्रभुभोजन देताना त्याच्यासोबत आणखी तिघांनी, निदान दोघांनी तरी ते घ्यावं अशी सूचना आहे. आजाऱ्याने एकट्याने घ्यायचं नाही. मंडळीचा एक तुकडा त्याच्या खाटेभोवती जमायला हवा.

सासूबाई काही जास्तीचं मागत नाहीत. आयुष्यभर ज्या मंडळीत बसल्या तिच्याकडून आपला वाटा मागताहेत. तो पोचवणं पाळकसाहेबांचं काम आहे, आणि मोबाईलवर टीका करण्याआधी त्यांनी ते करायला हवं होतं.

मात्र बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून घ्यावं असं म्हटलंय. बोलावणं घरून जायचं असतं. तेव्हा फोन करा. मिस्टरांना सांगून बघा, पण ते ‘बघू रविवारी’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी स्वतःच लावा. उपदेशाचा विषय काढू नका, मुलीचाही नाही. एवढंच बोला: ‘साहेब, सासूबाई दोन वर्षं उठलेल्या नाहीत. तुमची वाट बघतात. प्रभुभोजन घेऊन कधी येता? येताना त्यांच्या ओळखीच्या दोघांना आणा, म्हणजे गाणंही होईल.’ दिवस आणि वेळ फोनवरच ठरवून घ्या. ‘येऊ एकदा’ यावर फोन ठेवू नका. ‘येऊ एकदा’ म्हणणारे पाळक मनाने चांगले असतात आणि कधीच येत नाहीत.

ते खोलीत उभे राहतील, औषधांच्या बाटल्या आणि खाटेच्या कडेला लावलेला मोबाईल बघतील, तेव्हा ‘आळशी’ या शब्दाबद्दल तुम्हाला काही बोलावं लागेल असं मला वाटत नाही. लागलंच, तर बोला. सरळ सांगा, ‘ते वाक्य मला लागलं.’

मुलीच्या गोष्टीचं मात्र थांबा. ती गोष्ट आधी तिची आहे, मग तुमची. पाळकसाहेबांकडे तो विषय काढण्याआधी तिला विचारा, तिला तो पुन्हा उघडायचा आहे का. कदाचित ती म्हणेल, आई, मी विसरलेय, तूच धरून बसलीयेस. कदाचित म्हणेल, हो, सांग त्यांना. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा. तिने होकार दिला तर पाळकसाहेबांना एकट्यांना, बायकांच्या मंडळात नव्हे, झालेलं सांगा आणि यापुढे विचारल्याशिवाय कुणाचं घरगुती प्रार्थनेत सांगू नये अशी शिस्त घालायला सांगा. त्या बाईने येऊन माफी मागावी अशी अपेक्षा मनात असणं साहजिक आहे, पण तिच्या माफीवर तुमचं चर्चला जाणं अडवून ठेवू नका. ती कधीच यायची नाही कदाचित.

आणि एक अवघड प्रश्न. ऑनलाइन गटात तुम्ही मुलीचं सांगितलंत का? सांगितलं असेल तर तिला विचारून? तीस अनोळखी घरांत ती गोष्ट गेली असेल तर महिला मंडळातल्या खुर्च्यांपेक्षा हे वर्तुळ मोठं आहे. गटाच्या सभा रेकॉर्ड होतात का, ते रेकॉर्डिंग कोणाकडे राहतं, प्रार्थनेच्या विनंत्या पुढे कुणाला पाठवल्या जातात, हे विचारून घ्या. पडद्यावर चहाडी होत नाही असं नाही, ती फक्त आवाज न करता होते.

चर्चला परत जायचं तर एकदम सगळं अंगावर घेऊ नका. महिला मंडळ सोडून द्या, त्याची सक्ती नाही. नणंद बसते त्या एखाद्या रविवारी जा, मागच्या बाकावर बसा, शेवटच्या आशीर्वादानंतर निघून या. कोणी ‘बऱ्याच दिवसांनी!’ म्हणेलच. ‘सासूबाई आजारी आहेत, घरी या ना एकदा’ हे उत्तर तयार ठेवा. खरोखर येणारे आणि नुसतं म्हणणारे तिथेच कळतील. काही रविवार जाऊनही जीव घुसमटत असेल तर जवळपासची दुसरी मंडळी बघा. त्यात बेइमानी नाही. रात्रीचा गट सोडायची गरज नाही. दिवसभर आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला रात्री कोणीतरी हवं असतं, आणि ते तुम्हाला मिळालंय. फक्त रविवार दोघांत वाटला जाऊ द्या. सासूबाईंसाठीही तुमच्याच चर्चची उपासना मोबाईलवर येत असेल तर अधूनमधून ती लावा. ओळखीचा आवाज आणि ओळखीची वेदी त्यांना जास्त भावेल.

(एक गंमत म्हणून : त्रोवसमध्ये पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेला युतुख पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. लोक खाली धावले, पौलाने त्याला कवटाळलं, पोरगा जिवंत घरी गेला. लांब उपदेशात झोप लागणं हा घरबसल्या बघणाऱ्यांचाच रोग आहे असं पाळकसाहेब म्हणाले, तर हा दाखला हाताशी असू द्या.)

राहिला दशांश. गट चालवायला खर्च येतो, त्यासाठी मनापासून काही द्यावंसं वाटलं तर द्या. पण ‘आता इथेच द्या’ या वाक्याने माझे कान टवकारले. ते प्रमुख कोणाला उत्तरदायी आहेत? त्यांच्यावर एखादी समिती, एखादी मंडळी आहे का? पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातात की संस्थेच्या? वर्षाचा हिशेब सगळ्यांना दाखवतात का? आणि ‘तुमचं चर्च थंड पडलंय, आत्मा इथे आहे’ असलं काही त्याच दमात म्हणतात का? तुमच्या चर्चमध्ये हिशेबावरून भांडणारे वडीलजन कितीही कंटाळवाणे असले, तरी ते भांडतात म्हणजे हिशेब असतो. दशांश हा घराचा निर्णय आहे, मिस्टरांशी बोलून ठरवा, त्यांच्या नकळत वळवू नका. प्रमुखांना हिशेब मागा, लेखी मागा. नीट दाखवला तर उत्तम. ‘तुमचा विश्वास कमी पडतोय’ असं उत्तर आलं, तर पैसे त्याच दिवशी थांबवा, आणि तुम्हाला गटात आणणाऱ्या मैत्रिणीलाही तेवढं कळवा.